अव्वाचं लिंग त्रिशूलीत गेलं तेव्हा

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, पाणी पिणं सोडलं तेव्हा आम्ही परदेशात होतो, आणि तिला समजवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. ज्या बाईनं उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाही, तिला मी समजवणार होते. देवाधर्माचं लिहायची मला सवय नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि जे झालं ते झालं तसं सांगावं एवढंच मला जमतं. त्यात कृपा किती आणि योगायोग किती हे वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

आमचं माहेर उदगीरचं, किराणा दुकानवाले लिंगायत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. पण वर्गात हिमालय शिकवायचा आणि आपण स्वतः बालाघाटाच्या टेकड्यांपलीकडं काही बघितलेलं नाही, हे मला टोचायचं. नेपाळला जायचं कित्येक वर्षं ठरत होतं आणि मोडत होतं. कधी नणंदेचं लग्न, कधी बाळंतपण, मग दुष्काळ. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नळाला पाणी तेवढं आलं नाही. शेवटी त्या उन्हाळ्यात मी म्हटलं, दुष्काळ काही माझ्या घरी राहण्यानं संपणार नाही. लातूरहून निघणाऱ्या एका यात्रेच्या बसमध्ये दोन जागा घेतल्या. टँकर आला की भांडी लावायला घरात माणूस हवं, म्हणून आमचे मालक मागं राहिले. निघताना म्हणाले, "नेपाळ कसला परदेश? पासपोर्ट सुदा लागत न्हाई." मी म्हटलं, "राजा येगळा, नोटा येगळ्या. परदेशच हाय." उदगीरची विहीर आटल्यापासून अव्वा लातूरला माझ्याकडंच होती. तिचं म्हणणं, "मी पशुपतीनाथासाठी येऊन राहिले. तुजं बर्फ तू बघ."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात गुरू लहानपणीच इष्टलिंग देतो. ते कापडात बांधून गळ्यात, छातीशी ठेवायचं. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्यावर वाहिलेलं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं आणि मग घास, मग घोट. अंगावर लिंग नसेल तर अन्न नाही, पाणी नाही. आता बरेच जण ते देव्हाऱ्यात ठेवून मोकळे होतात, मीही त्यातलीच. अव्वा तशी नव्हती. मात्र दुष्काळात तिनंही पूजेचं पाणी पळीवर आणलं होतं. एक पळी लिंगावर, तीच तोंडात. तेवढ्यावर देवाला भागवून घ्यावं लागतं याचं तिला फार वाईट वाटायचं.

गोरखपूरवरून सीमा ओलांडली, रात्रभर डोंगर चढून सकाळी बस त्रिशूली नदीच्या काठी थांबली. नदीचं नाव ऐकूनच अव्वा खूश झाली. आणि पाणी म्हणजे काय पाणी! बर्फाचं वितळलेलं, हिरवट, खडकांवर आपटत धावणारं. आमच्या बसमधली माणसं काठावर येऊन नुसती बघत उभी राहिली. मुरुडचे एक व्यापारी म्हणाले, "ह्यातलं एक टँकर घरी धाडता आलं तर?" कोणी हसलं नाही. अव्वानं आंघोळ केली, दगडावर बसली, लिंग तळहातावर घेतलं आणि तांब्यानं पाणी घालायला लागली. एक तांब्या, आणखी एक, आणखी. मी वरून हाक मारली, "अव्वा, बास की, गाडी निघायली." ती म्हणाली, "थांब गं. लई दिसानं न्हाऊन राहिलाय तो." मग ती आणखी पाणी घ्यायला वाकली, ओलं झालेलं काळं लिंग तळहातावरून घसरलं आणि पाण्यात गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. ड्रायव्हर आणि दोघे पुरुष कमरेपर्यंत उतरले, पण पायच ठरत नव्हते.

अव्वा रडली नाही. तिनं रिकामं कापड तसंच गळ्यात बांधलं आणि बसमध्ये येऊन बसली. चहा नको म्हणाली, पाणी नको म्हणाली. काठमांडूला पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की हे आजच्यापुरतं नाही. यात्रेच्या मॅनेजरनं धीर दिला, "मावशी, इथं दुकानात पाहिजे तेवढी लिंगं मिळतात. मी आणून देतो." अव्वा म्हणाली, "बाबा, बाजारातनं आणला तर धोंडा. गुरूनं हातावर ठिवला तर लिंग." तिला ना राग होता ना हट्ट. नियम सांगावा तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळे पशुपतीनाथाला गेले. ज्या देवासाठी आली त्याच्याही दाराशी ती गेली नाही. "अंगावर लिंग न्हाई, देवळात कशी जाऊ?" तिला साखरेचा त्रास, मे महिना, ओठ पांढरे पडलेले. मॅनेजरनं डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावा. अव्वानं हात पदराखाली घेतला, "सुईतनं घेतलं तरी पाणीच की." मी भांडले, हात जोडले, शेवटी रागानं म्हटलं, "तू मेलीस तर लातूरला जाऊन काय सांगू मी?" ती म्हणाली, "सांग, अव्वा नियमानं गेली."

गुरू म्हणजे जंगम, आणि माझ्या माहितीतला सगळ्यात जवळचा मठ काशीचा. येताना तिथं पाया पडलो होतो. मंडळी पोखऱ्याला निघाली, जिथून बर्फाची शिखरं समोर दिसतात. मी आमचं सामान उतरवलं आणि सीमेपर्यंतच्या बसची तिकिटं काढली. तिथून पुढं काशी. रस्ता किती, हे भूगोलाच्या बाईला कुणी सांगायला नको होतं. अव्वा तोवर टिकणार नाही हे मला दिसत होतं, पण हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काहीतरी करावं, एवढंच मला शिक्षणानं शिकवलेलं.

बसस्टँडवर अव्वाला पिशव्यांना टेकवून बसवलं होतं. शेजारी तिच्याच वयाची एक नेपाळी म्हातारी भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेली. तिनं अव्वापुढं पाण्याचा लोटा धरला. अव्वानं मान हलवली. म्हातारीनं पुन्हा धरला, पुन्हा मान हलली. मग तिनं अव्वाच्या कपाळावरचे भस्माचे पट्टे बघितले, गळ्यातलं कापड चाचपलं, ते रिकामं निघालं. माझ्याकडं वळून ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "इनका जंगम कहाँ है?" मला वाटलं भास झाला. लातुरात चार घरं ओलांडली तर हा शब्द समजावून सांगावा लागतो. मी म्हटलं, जंगम काशीला, आम्ही तिकडंच निघालोय. तिनं हात झटकला. "काशी क्यों? हमारे भक्तपुर में है. मेरे घर के पीछे."

मी प्रश्न विचारायला लागले. कोण जंगम, किती लांब, खात्री काय? आमची बस लागली होती. ही सोडली तर दुसरी उद्याच, आणि म्हातारीचं चुकलं असेल तर मग काहीच उरत नाही. मी असा हिशेब मांडत असताना अव्वा उठली. त्या बाईनं हात पुढं केला, हिनं धरला आणि दोघी चालायला लागल्या. मी ओरडले, "अव्वा, अगं कुठं निघालीस? वळख ना पाळख!" ती मागं न बघता म्हणाली, "ती बलावून राहिलीय की."

तारेवरच्या विजेवर चालणाऱ्या बसनं भक्तपूर जवळच निघालं. विटांच्या गल्लीत, कोरीव लाकडी खिडक्यांच्या एका जुन्या घरात खरंच जंगमांचा मठ होता. तिथले म्हातारे, संसारी स्वामी म्हणाले, आमचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून आले. कानडी-मराठीचा त्यांना एक शब्द येत नव्हता. पण अव्वानं रिकामं कापड पुढं केलं तेव्हा त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते आत गेले आणि एक लिंग घेऊन आले. नातीच्या दीक्षेसाठी काशीहून आणलेलं होतं. म्हणाले, "वह छोटी है, रुक जाएगी." अव्वाला समोर बसवून पूजा केली, कानात मंत्र सांगितला, तो शेजारी मलाही ऐकू आला. उदगीरच्या मठात ऐकला होता तोच मंत्र, तोच उच्चार. त्यांनी लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. अव्वानं त्यावर पाणी वाहिलं, तीर्थ घेतलं, आणि तिचा गळा हललेला मी बघितला. आजवर मी पुष्कळ सुंदर गोष्टी बघितल्यात, त्यात ती पहिली.

ती म्हातारी कुठं अदृश्य वगैरे झाली नाही. मठाच्या चौकात बसून स्वामींच्या सुनेला रागावत होती, भात अजून का टाकला नाही म्हणून. मंडळी परत येईपर्यंत आम्ही मठातच राहिलो. ती रोज यायची, अव्वाशी नेपाळीत बोलायची, अव्वा तिला आमच्या बोलीत उत्तर द्यायची आणि दोघींचं छान चालायचं. मी तिला काही द्यायला गेले तर माझ्या दंडावर चापट बसली. निघायच्या आधी अव्वानं पशुपतीनाथाचं दर्शन घेतलं. बर्फाची शिखरं मला दिसली नाहीत. सगळे दिवस धुरकट गेले. लातूरला शाळेत बायकांनी विचारलं, "परदेशात बघितलंत काय?" मी म्हटलं, एक मठ आणि एक भाजीवाली. त्या हसल्या. हसू द्या.

लोक शरण जाण्याबद्दल मोठंमोठं बोलतात, तेव्हा मला वाटायचं त्यासाठी मन फार तयार असावं लागत असेल. माझं काही तयार नव्हतं. त्या दुपारी माझ्या मनात शंका होती, राग होता, आणि बस सुटल्याची चुटपुटही होती. आई पुढं निघाली म्हणून मी दोन्ही हातांत पिशव्या उचलल्या आणि तिच्या मागून चालत गेले. देवानं तेवढंच चालवून घेतलं.