मारुतीपासून एकविसावं घर

गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली त्या आठवड्यात आमच्या शेजारच्या मावशी तळेघरला होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाने आपल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची होती. मावशींनी जाताना ते काम माझ्यावर सोपवलं. दवंडीत ‘घराभोवती चुना टाका’ असं सांगितलं होतं. मी टेप लावून घराच्या चारी बाजू मोजल्या, सरळ रेघा ओढल्या आणि मागच्या भिंतीपाशी थांबलो. भिंतीमागे चिंचेखाली त्यांचा गोठा आहे. आमच्याकडे गोठ्याला कुणी घर म्हणत नाही, म्हणून ते माझ्या डोक्यातच आलं नाही. वरून ड्रोनला चिंच तेवढी दिसली.

कच्चा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा गोठ्याची जागा पंचायतीची मोकळी जागा म्हणून दाखवलेली होती. मावशींचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. दोन म्हशी आणि डेअरीला घातलेलं दूध, यावर त्यांचं चालतं. जागा गेली तर म्हशी बांधायच्या कुठे?

मी तोंड पाडून सांगायला गेलो. मावशी धार काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चुना राहिला तर राहिला. आता हरकत घ्यायची म्हंजी काय करायचं, ते सांगा.”

हरकतीला पुरावा लागतो आणि मावशींकडे एकही कागद नव्हता. पंचायतीत घरांची जुनी नोंदवही असणार, एवढं मला माहीत होतं. मी माहितीचा अर्ज लिहिला. चौदाव्या दिवशी उतारा आला, पण तो आत्ताच्या वहीचा. त्यात फक्त घर होतं. मी वरच्या अपिलाचा मसुदा करायला बसलो, तर मावशी म्हणाल्या, “कागद मागून कागदच येतोय. वही बघू द्या म्हणावं. तिथं पाटी लावलीय न्हवं?”

पाटी खरंच होती. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहता येतील. मी त्या पाटीखालून इतकी वर्षं ये-जा केली आणि कधी ती वाचली नव्हती. मावशींना अक्षराला अक्षर जोडून वाचावं लागतं, तरी त्यांनी वाचली होती.

सोमवारी तीनला आम्ही हजर झालो. ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी कुरकुर न करता कपाट उघडलं, फडक्याने धूळ झटकली आणि कापडी बांधणीची एक जाड वही टेबलावर ठेवली.

“पानं सावकाश उलटा. मावशी, चष्मा आणलाय का?”

“चष्मा या भाऊंच्या डोळ्यावर हाय. माझं काम वाटेचं.”

मला तेव्हा ते कळलं नाही. मावशींच्या घराचा नंबर एकशे चौसष्ट. मी थेट तो आकडा काढला. तिथे ओढ्यापलीकडचं भलतंच घर निघालं. मधल्या काळात सगळे नंबर बदलले होते, आणि जुना नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. मालकांची नावं तर आजोबा-पणजोबांची. अर्धी गावात दोन-दोनदा येणारी. साडेचार वाजत आले.

“पयलं पान काढा,” मावशी म्हणाल्या. “पयलं काय लिवलंय?”

“मारुतीचं देऊळ.”

“मग झालं. लिवणारा देवळापासनं उजव्या हातानं निघाला असणार. लग्नाच्या अक्षता आमी तशाच वाटतो. मी सून म्हणून आले तवापासनं त्याच वाटेनं फिरतेय. मोजा.”

त्या डोळे मिटून एकेक घर सांगत गेल्या, मी पानावर बोट फिरवत गेलो. पिंपळाचं घर, तेल्याचं, दुमजली, तांबोळ्याचं. एवढी जुळली तसा मला धीर निघेना. पुढची उभी घरं मी मनातच मोजून टाकली. माझ्या हिशेबाने, देऊळ धरून, मावशींचं विसावं. विसाव्या नोंदीवर दुसरंच नाव होतं.

“चुकलं,” मी म्हणालो.

“तुमचं चुकलं. मधी सुताराचं घर व्हतं, पडलं. अक्षता वाटताना त्या मोकळ्या जागेवर आमी अजून चार दाणे टाकतो. ते धरा.”

एकविसाव्या ओळीत मावशींच्या सासऱ्यांचं नाव होतं. पुढे निळ्या शाईत: घर पाच खण, मागे गुरांचा गोठा तीन खण. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. मी ती ओळ दोनदा वाचली. मावशींनी पदर नीट केला. भाऊसाहेब उठून खुर्चीमागे आले आणि म्हणाले, “मावशी, दर सोमवारी येऊन बसा राव. आम्हाला कुणी नोंद मागितली की आमचे दोन दिवस जातात.”

“म्हशींची धार कोण काढंल, तुमी?”

सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मिळाली. हरकत दाखल झाली आणि बारा दिवसांनी मोजणीदार जागेवर आला. नक्कल वाचून त्याने गोठ्याकडे पाहिलं. जुने लाकडी खांब केव्हाच गेले होते, आता लोखंडी पाइपांवर पत्रा होता.

“तीन खण कशावरून म्हणायचे?”

मावशींनी पहाटेच शेण काढून जमीन धुतली होती. जुन्या खांबांखालचे दगड एका ओळीत उघडे होते. चार दगड, तीन खण. मोजणीदाराने ते पायाने चाचपून पाहिले आणि वहीत लिहून घेतलं.

“आता हद्दीवर चुना टाका,” तो म्हणाला. “आणि म्हशी जरा बाजूला घ्या.”

“म्हशी हलायच्या न्हाईत. त्यांच्यासकट मोजा.” मग मावशींनी चुन्याची पिशवी माझ्या हातात दिली. “भाऊ, या वक्ताला मागनं सुरुवात करा.”