पाच ते सातचा गलका

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि नंदा तायडे ते गेली वीस-बावीस वर्षं सांभाळते. बाई तिखट. कुणी ओठांवर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. अशा बाईला पोटापाण्यासाठी मिळावं वाचनालयच, आता याला काय म्हणावं.

वाचनालय म्हणजे एकच खोली. मध्ये पुस्तकांच्या कपाटांची रांग. अलीकडे टेबलांवर परीक्षावाली मुलं सकाळपासून मान मोडून बसतात. पलीकडे चटईवर शाळेतली पोरं येतात, पाचला येतात आणि सातला जातात. मस्ती करत नाहीत, वाचतात. पण मोठ्याने. शब्दाखाली बोट धरून, डोलत डोलत. एकीचा ससा दुसऱ्याच्या राजाच्या दरबारात शिरतो आणि सगळ्यांचा मिळून जो गलका होतो, तो अडवायला कपाटं म्हणजे काही भिंत नव्हे.

सिद्धेश परबने तक्रार केली. पोरगा फौजदाराच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकलेला. घरी एका खोलीत सहा माणसं आणि दिवसभर टीव्ही. त्याचं चुकलं असं नंदासुद्धा म्हणणार नाही. तिचा राग कमिटीवर. कमिटीने तिला न विचारता ठरवून टाकलं: सोमवारपासून लहान मुलांना बंदी, चटई उचलायची, तिथे आणखी टेबलं लावायची.

नंदा सरळ मीटिंगमध्ये जाऊन उभी राहिली. अध्यक्ष धोंडिरामभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "नंदाबाई, पोरांना आधी मनात वाचायला शिकवा, मग आणा."

"मनात वाचलेलं त्यांच्या आयांना कसं कळणार, भाऊ?"

हे ती स्वतःच्या घरावरून बोलत होती. तिची आई बुलढाण्याकडची, अक्षरओळख नसलेली. संध्याकाळी स्टोव्हपाशी भाकऱ्या थापताना म्हणायची, "मोठ्यानं वाच, मले ऐकू येऊ दे." पोरगी अभ्यास करतेय की नुसतंच पुस्तक धरून बसलीय, हे ओळखायला तिच्याकडे कानांशिवाय होतं काय? नंदाने एकदा चलाखी केली. खेळायला लवकर सुटका व्हावी म्हणून पाठ झालेला धडाच रोज घडाघडा म्हणू लागली. आईने भाकरी उलटली आणि विचारलं, "हे म्हातारी परवाच मेली होती ना?" त्यानंतर चलाखी बंद झाली. वस्तीतल्या कितीतरी आया आजही तशाच कानाने अभ्यास घेतात आणि पोरं तीच सवय घेऊन वाचनालयात येतात.

"ज्या घरात वाचता येणारं पहिलंच माणूस आठ वर्षांचं असतं, तिथे वाचन असंच ऐकू येतं," नंदा म्हणाली. "त्याला गोंगाट म्हणू नका."

"ताई, पुढच्या महिन्यात माझा पेपर आहे," तक्रारदार म्हणून मीटिंगला बोलावलेला सिद्धेश म्हणाला.

"माहितीय रे. तुझ्यासाठी सकाळी लवकर उघडते ना मी? रात्री उशिरापर्यंत थांबते ना? दोन तास त्यांचे. तुझ्या घरी जागा नाही, तशी त्यांच्याही नाही. आणि खरं सांग, आपल्या कपाटातलं पुस्तक शेवटचं कधी काढलंस? तुम्ही सगळे पुस्तकं बाहेरून आणता. तुम्हाला खुर्ची आणि पंखा हवा. माझी पुस्तकं वाचतात ती फक्त हीच पोरं."

कमिटीने मात्र बंदीच्याच बाजूने हात वर केले, एकजात सगळ्यांनी. निघताना धोंडिरामभाऊंनी बजावलं, "नियम मोडलात तर दुसरी बाई बघावी लागेल."

नंदा घाबरली. या वयात दुसरं काम कोण देणार, आणि दिलं तरी ही खोली थोडीच मिळणार? भीतीने तिला दोन दिवस धड जेवण गेलं नाही, आणि आपण घाबरलो याचाच तिला जास्त संताप आला.

सोमवारी दारावर नोटीस लागली. पाचला पोरं आली ती दाराशीच थबकली. सगळ्यात पुढे दुसरीतली तेजल. नवीन काही लिहिलेलं दिसलं की ही पोरगी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तिने कागदावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा-रा व-र्षां-खालील मुलांना प्र... प्र-वेश नाही." वर्गात म्हणतात तसं बाकीच्यांनी तिच्यामागून म्हटलं. जोडाक्षर जमलं म्हणून तेजल खुशीत हसली, आणि मग आपण काय वाचलं ते तिच्या ध्यानात आलं.

"मावशी, म्हणजे आम्ही?"

नंदाने दाराची दोन्ही कवाडं ढकलून सताड उघडली. "नीट वाचलंस. आता आत ये."

पोरं चपला काढून आत घुसली. सिद्धेश टेबलावरून म्हणाला, "ताई, नोटीस आहे ना."

"आहे. राहू दे तिथेच. पोरांना वाचायला रोज काहीतरी लागतंच."

मग तिने स्वतःच धोंडिरामभाऊंना फोन लावला. चटईवरचा गलका एव्हाना चांगला रंगला होता, त्यामुळे तिलाही मोठ्यानेच बोलावं लागलं.

"भाऊ, पोरं आत घेतलीत. दुसरी बाई खुशाल बघा. पण यांना बाहेर तिलाच काढायला सांगा, मी काढणार नाही."