दक्षिणेला पाय

चाळीस माणसं मरायला तयार नव्हती आणि पावणेबारा वाजले होते.

जागा कशेळीचं एक रिकामं गोडाऊन. सहा वाजता ते सोडायचं होतं, कारण संध्याकाळी तिथे कुणाच्या तरी फ्रीजचे ट्रक लागणार होते. आम्ही वसईच्या मोहिमेवर दोन भागांची डॉक्युमेंटरी करत होतो. पहिल्या भागात मोहीम मराठ्यांच्या बाजूने, दुसऱ्यात तीच किल्ल्यातल्या पोर्तुगीजांच्या बाजूने. त्या दिवशी दुसऱ्या भागाचा मुख्य शॉट होता. तटावर चालून आलेले मराठे गोळ्या खाऊन पडतात. तो नसेल तर दुसरा भागच नाही.

मी क्राउड एडी. म्हणजे गर्दी सांभाळणारा असिस्टंट डायरेक्टर. गर्दीने कुठून पळायचं, कुठे थांबायचं, कधी मरायचं हे मी बघतो. मागच्या शेड्यूलमध्ये माझ्या एका मावळ्याच्या मनगटावर घड्याळ राहिलं होतं आणि ते थेट एडिटिंगमध्ये सापडलं. त्यामुळे आमचे डायरेक्टर अनिकेत सर सकाळीच म्हणाले होते, "रवी, आज शॉट मिळाला नाही तर उद्या येऊ नकोस." त्यांचा आवाज इतका शांत होता की मला ते खरंच वाटलं.

गर्दी कोन गाव आणि आसपासच्या गावांतली होती, काही जण वरच्या पाड्यांवरून आलेले. त्यांचे म्होरके बाळारामकाका. शेती थोडी, बाकी मिळेल ते काम. धावण्याची रिहर्सल झकास झाली. आरोळ्या अशा की धामणकर नाक्याचं ट्रॅफिक थांबावं. मग मी शिट्टी मारली, म्हणजे मरायचं. कोणी कुशीवर पडलं, कोणी कोलंबीसारखं पाय पोटाशी घेऊन, आणि दोघं तर चक्क मांडी घालून बसले.

"हे मेलेत की यांचं पोट दुखतंय?" सरांनी विचारलं.

मी काकांकडे गेलो. "काका, सरळ पालथं पडायचंय. पाय लांब करून."

"तसं न्हाय जमनार, भाऊ."

"का?"

"न्हाय जमनार."

सरांचा समज झाला की हा अस्मितेचा प्रश्न आहे. मराठे हरलेले दाखवायला यांची हरकत आहे. त्यांनी माइक घेतला आणि दहा मिनिटं भाषण दिलं. इतिहासाला दोन बाजू असतात, शत्रूच्या नजरेने बघायला धैर्य लागतं, वगैरे. पोरं अदबीने ऐकत होती. एकाने जांभई दिली. काका म्हणाले, "बरोबर हाय सायेब," आणि जागचे हलले नाहीत.

मग सरांनी युक्ती काढली. "यांना पोर्तुगीजांचे डगले घाला. शत्रू म्हणून तरी मरतील. चेहरे दिसतच नाहीत, नंतर बघू काय करायचं ते." ही युक्ती कशी चालणार होती ते मला आजही कळलेलं नाही, पण तेव्हा वाद घालायची माझी पत नव्हती. मी एक डगला काकांपुढे धरला.

काकांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि परत दिला. "डगला फिरंग्याचा हाय. पाय आमचेच हायत ना?"

"पायांचं काय?"

काकांनी मला हाताला धरून मधोमध नेलं. "भिंत तिकडं, उत्तरेला. आमी इकडून पळत जानार. पालथं पडलो की डोकं भिंतीकडं. पाय कुठं गेले?"

मी मागे वळून बघितलं. पाय दक्षिणेला गेले होते. चाळीस माणसांचे ऐंशी पाय, एकजात यमाच्या दिशेला. लहानपणी झोपेत माझे पाय तिकडे गेले की आई मला उचलून फिरवायची, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? हरायला काय हरकत न्हाय. मरायला बी न्हाय. पर दक्षिनेला पाय करून आडवं व्हायचं न्हाय."

मी सरांना सांगितलं. ते आधी हसले, मग घड्याळ बघून हसायचे थांबले. "पाठीवर पाड सगळ्यांना."

"खाली सिमेंट आहे सर. मॅट नाहीत. डोकी फुटतील."

"भिंत फिरव."

भिंत प्लायवुडची असली तरी उभी करायला तीन दिवस लागले होते. आर्ट डायरेक्टरने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि चहा प्यायला निघून गेला.

मी पुन्हा मधोमध जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर उद्यापासून कुणाला फोन करायचे याची यादी मनात चालू होती. आणि मग लक्षात आलं की हा दुसरा भाग आहे. कॅमेरा पोर्तुगीजाच्या डोळ्यांच्या जागी आहे. तटावर उभ्या माणसाला समोरचं मैदान दिसतं, येणारी माणसं दिसतात. स्वतःच्या पायाखालचा तट त्याला कुठे दिसतो? या शॉटला भिंतच लागत नव्हती.

दक्षिणेच्या टोकाला मालाचे लोखंडी रॅक होते. कॅमेरा रॅकच्या दुसऱ्या मजल्यावर चढवला, तोंड खाली फरशीकडे. पुढे एक बंदुकीची नळी आणि एक फिरंगी टोपी. टोपीखाली शकील नावाचा यंत्रमागावरचा कामगार होता. "साहब, कितनी देर पकड़ना है?" तो सारखा विचारत होता. गर्दीला उत्तरेला नेऊन ठेवलं. मागची भिंत चुकून दिसू नये म्हणून धूर सोडला. कॅमेरामन लाइट सपाट येतोय म्हणून कुरकुरला. त्याला कुरकुरू दिलं.

मी शिट्टी मारली. चाळीस जण दक्षिणेकडे धावत आले आणि पालथे पडले, पाय लांब, उत्तरेला. असे मेले की मला क्षणभर भीतीच वाटली. सरांनी कट म्हटल्यावर सगळे उठले, काका सोडून. मी धावत गेलो. ते रात्रपाळी करून आले होते आणि घोरत होते.

साडेपाचला गोडाऊन रिकामं केलं. फ्रीज वेळेवर आले. माझी नोकरी राहिली.

पुढच्या शेड्यूलची कॉलशीट आली. कॉलशीट म्हणजे कोणी किती वाजता कुठे यायचं त्याचा कागद. त्यात सूर्योदय, सूर्यास्त, हवामान यांच्या खाली एक नवी ओळ होती : 'दक्षिण : गेटच्या बाजूला.' मी सरांना विचारलं, ही कोणी घातली? "मीच," ते म्हणाले, "आपण दोन्ही बाजू दाखवायला निघालो होतो ना? दिशा चार असतात."

दिशांचं हे वाक्यही त्या दिवशी मीच त्यांना ऐकवलं होतं. पण नोकरी राहिली होती, म्हणून मी मान डोलावली.