धुवायचे राहिलेले तवे

आमच्याकडे ग्रामोफोनच्या रेकॉर्डला तवा म्हणतात. काळा, गोल आणि मधे भोक. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं दिसत नाही. मी हे तवे जमवतो. मालेगावला वाशीम रोडवर पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं माझं दुकान आहे, आणि घरी एक खोली तव्यांची आहे. दुकानातही एक जुनी मशीन ठेवली आहे. मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, "रेडिओ हाय का?" मी हो म्हणतो. समजावून सांगायचा उत्साह आता राहिलेला नाही.

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. हौसेला डोकंही नसतं, हे माझ्याकडे पाहून कळेल. कव्हर एका सिनेमाचं आणि आत तवा दुसऱ्याचाच. सुई कुरिअरने मागवावी तर चुकीची येते, परत पाठवावी तर बरोबरची कधीच येत नाही. शहरातले जमवणारे फोनवर विचारतात, "कंडिशन कशी आहे?" कशी असणार? आमच्या भागातले तवे दिवाणखान्यात वाजलेच नाहीत. ते लाउडस्पीकरवाल्यांनी बैलगाडीत, मांडवाच्या कोपऱ्यात, देवळाच्या ओट्यावर वाजवले. सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर वजनाला नाणं चिकटवायचे. त्या वजनाने तव्यावर नांगरट झाली आहे. म्हणून वऱ्हाडातला तवा खरखरतोच. मला ती खरखर आवडते. गाणं सुरू व्हायच्या आधी सुई टेकते आणि नुसतीच खरखर येते, तेवढ्या वेळात माणूस कशाचाही विचार करत नाही. सगळ्या उपद्व्यापात खरं सुख काय ते तेवढंच.

बायको माझ्या तव्यांना भंगार म्हणायची आणि धुवायचीही तीच. रिठे रात्री भिजत घालायची. तव्याच्या मधल्या कागदी चकतीला पाणी लागू नये म्हणून तिने स्वतःच एक तोड काढली होती. चकतीवर दोन्ही बाजूंनी एकेक वाटी उपडी दाबून धरायची आणि जुन्या मऊ लुगड्याच्या बोळ्याने गोल गोल पुसायची. मग स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात, ताटांच्या रांगेत, तवे उभे करून निथळत ठेवायची. पाहुण्यांना ताट वाढायला घेताना हाताला तवा लागल्याचे किस्से आमच्या नात्यात प्रसिद्ध आहेत. धुतल्याशिवाय तवा खोलीत न्यायचा नाही, हा तिचा कायदा. नवीन आणलेले तवे स्वयंपाकघराच्या दाराशी ढीग करून पडत, तिला सवड होईपर्यंत. मीही ओरडत नसे. गरजवंताला अक्कल नसते.

एवढ्या वर्षांत तिने स्वतःसाठी एकच तवा मागितला. मेडशीला आमच्या लग्नात लाउडस्पीकरवाल्याकडे एक छोटा तवा होता, तो त्याने दिवसभर वाजवला. ती आत हळदीच्या पाटावर बसलेली. दर वेळी शेवटचं कडवं आलं की कोणीतरी माइक घ्यायचं आणि वऱ्हाडी मंडळींना जेवायला बोलवायचं. शेवटच्या कडव्यात काय आहे ते तिला कळलंच नाही. मुलाने फोनवर ते गाणं काढून दिलं तेव्हा तिने थोडं ऐकून मान हलवली होती. "हे नाही. गानं तेच हाय, पन बाई दुसरी हाय." बरोबर होतं तिचं. तेव्हा लहानसहान कंपन्या गाजलेली गाणी दुसऱ्याच आवाजात भरून स्वस्तात विकायच्या, आणि शब्दही कुठेकुठे आपल्या मनाने घालायच्या. अशा तव्याला जमवणारे विचारत नाहीत, म्हणून तो कुठल्या यादीत सापडत नाही. मी मात्र शोधत राहिलो. ती अधूनमधून विचारायची, मी सापडेल म्हणायचो.

मागच्या पोळ्याला ती गेली. आजार छोटा होता. मला रडू आलं नाही.

याचं लोकांना फार नवल वाटलं. बहिणीने खांद्यावर डोकं ठेवून पाहिलं, मुलाने समजावलं, शेजारच्यांनी सांगितलं की रडून मोकळं व्हा. मीही व्हायला तयार होतो. पण आत हात घातला तर हाताला काही लागतच नव्हतं. तेरवी झाल्यावर मुलगा नोकरीच्या गावी गेला आणि मी दुकानात जाऊन तार गुंडाळू लागलो. भूक लागत नव्हती, पण ताट समोर आलं की जेवत होतो. ताट माझी सासू वाढत होती. तिला ही एकच लेक. तेरवीला आली ती राहिली. "आखजीले तिची घागर भरते अन् जाते," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पुढच्या आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. तोवर म्हातारी माझ्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती. हळू बोलायची, भांडं वाजू द्यायची नाही. लेकीचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो.

थंडीत रिसोडला एका म्हाताऱ्या लाउडस्पीकरवाल्याने माळा रिकामा करायला काढल्याचं कळलं. गेलो. जाऊन काय करायचं हे माहीत नव्हतं, पायांना सवय होती म्हणून गेलो. त्याची मशीन केव्हाच विकलेली, तवे पोत्यात भरलेले. "न्या सगळे," तो म्हणाला. "आता कोन आयकते? लोकाईले डीजे पाह्यजे." पोत्याच्या तळाशी तो छोटा तवा निघाला. चकतीवर छापलेले गाण्याचे शब्द तेच, खाली गाणाऱ्या बाईचं नाव कधी न ऐकलेलं. मी त्याला मेडशीचं विचारलं. "मेडशीची सगळी लग्नं मीच करो," तो म्हणाला. मग शंकाच राहिली नाही.

एसटीत तो तवा मांडीवर घेऊन बसलो होतो. इतक्या वर्षांचा शोध संपला तर माणसाला काही तरी वाटायला पाहिजे. मला खिडकीतून वारा लागत होता, तेवढं कळत होतं.

घरी आल्यावर मी तो वाजवला नाही. भीती वाटत होती, आणि त्या दिवसांत मला वाटणारी ती एकच गोष्ट होती. हे गाणं ऐकूनही आत काही हललं नाही, तर मग कशानेच हलणार नाही, हे पक्कं झालं असतं. न वाजवलेला होता तोवर आशा होती. मी त्याला बाकीच्या तव्यांबरोबर दाराशी ढिगात ठेवून दिलं. धुतलेला नव्हता ना. आता धुणार कोण, हे विचारायला मी थांबलो नाही. येता-जाता ढिगाकडे पाहायचो आणि आज नको म्हणायचो. असा उन्हाळा आला.

आखजीच्या आदल्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो. घर सारवल्यासारखं लख्ख. दाराशी ढीग नव्हता.

"तवे कुठं गेले, आई?"

"धुतले," सासू म्हणाली. "तिचं तेवढंच काम राह्यलं होतं. घागर भराच्या आंधी म्हनलं उरकून टाकावं. गच्चीवर वाळू घातले."

तिने लेकीला तवे धुताना पाहिलं होतं. वाट्या, रिठ्याचं पाणी, लुगड्याचा बोळा, सगळं अगदी तसंच केलं. ताटाळ्याचं मात्र तिला माहीत नव्हतं. ओली वस्तू उन्हात घालायची, हे तिच्या सगळ्या आयुष्याचं शहाणपण. कुरड्या, सांडोळ्या, मिरच्या, डाळी तिने जन्मभर अशाच वाळवल्या.

मी पायऱ्या चढून वर गेलो. पाय ठेववत नव्हता असं ऊन होतं. लुगडं पसरून त्यावर तवे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाने भाजत्या पापडासारखी कड वर उचललेली. छोटा तवा कोपऱ्यात होता. एका बाजूने तो चक्क दुमडला होता. हातात घेतला तर मऊ लागला.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही, पण घसा फाटेस्तोवर ओरडलो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं, हात लावायचा नव्हता, हा तिच्या लग्नातला होता, तिला ऐकायचा होता, मला ऐकायचा होता. आवाज चिरकला आणि मधेच डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते थांबेना. त्या तापलेल्या गच्चीवर मी हुंदके देत उभा होतो.

सासू पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होती. ती रागावली नाही, घाबरलीही नाही. माझं होईपर्यंत थांबली. मग जवळ येऊन तिने तो दुमडलेला तवा पाहिला.

"हे तिच्या लग्नातलं गानं होय का?"

"हो."

"मले काय मालूम. तुमी सांगतलंच नाही," ती म्हणाली. "तुमी कायीच नाही सांगतलं. तुमी रडले नाही म्हून म्याबी दाबून धरलं. जवायाच्या घरात एकटी म्हातारी कशी रडन?"

इतके महिने ती माझ्यासमोर ताट वाढत होती, आणि मी फक्त माझ्याच आत काही सापडतं का ते चाचपत बसलो होतो.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "आता मी रडू का?"

शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे काढता काढता आमच्याकडे पाहत होती. मी तवा खाली ठेवला आणि म्हणालो, "रडा, आई."