जादा गाड्यांचा रस्ता

मी रस्त्यांवर काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच त्याच्या सोसायटीबाहेरच्या खड्ड्याबद्दल बोलायला लागतो. लग्नात, बारशात, एकदा तर दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असतानाच हा विषय काढलेला. मी खड्डे बुजवत नाही, रस्ता हळूहळू कसा खचतो ते मोजतो, हे सांगून उपयोग नसतो. "म्हणजे नुसते बघत बसता?" असं विचारतात. हो बाबांनो, बघत बसतो. उमेदीची सगळी वर्षं बघत बसलो.

काम तसं सरळ होतं. रस्त्याचा कुठला थर किती जाड घालायचा हे आम्ही इंजिनिअर लोक तक्त्यांवरून ठरवत आलेलो, आणि त्या तक्त्यांत आपला पाऊस आणि आपले ओव्हरलोड ट्रक पुरेसे धरलेले नाहीत असा मला संशय होता. म्हणून ठाण्यात, कल्याणच्या वाटेवर आणि डोंबिवलीत रस्त्याचे काही तुकडे निवडले. ते बांधतानाच डांबराखाली ताण मोजणारे सेन्सर पुरले आणि ठरवलं, हे तुकडे म्हातारे होईपर्यंत सोडायचे नाहीत. गरम डांबर पडताना बरेचसे सेन्सर तिथल्या तिथे जळले. उरलेले मात्र चिवट निघाले. गाडी वरून गेली की रस्ता किंचित दबतो आणि परत वर येतो, पण पूर्ण येत नाही. ते राहून गेलेलं साठत साठत एक दिवस रस्ता बसतो. आम्ही तेवढंच मोजत होतो.

त्यातला माझा लाडका तुकडा ठाण्यातल्या खोपटचा. एसटी डेपोतून निघालेली गाडी त्याच्यावरूनच पुढे जायची. आणि त्या तुकड्याची सगळ्यात मोलाची माहिती मिळायची ती गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत. पावसाने खालची माती पाणी पिऊन मऊ झालेली, आणि वरून कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांची रांग. मांडीवर मखर, पायाशी पिशव्या, डिकीत पोती, आणि माणसं तर काय विचारू नका. अख्खं ठाणं गावाला निघालेलं असायचं. सेन्सर भार सांगतो, पण गाडी कुठली, कुठे चाललेली, हे फुटपाथवर उभं राहून माणसानेच बघावं लागतं.

तो माणूस मी. टीममधली निम्मी पोरं कोकणातली होती. त्यांना मी आठवडाभर आधीच सुट्टी द्यायचो. "जा रे, आईबाप वाट बघत असतील," म्हणायचो. बायको कल्याणला माहेरच्या गणपतीला जायची. डोंबिवलीजवळच्या कोपरच्या घराला कुलूप लावून मी छत्री घेऊन खोपटला उभा.

माझंही गाव तळकोकणातच. आमच्या तालुक्याची पाटी लावलेली गाडीही माझ्यासमोरूनच वळायची. खिडकीतून कोणी ना कोणी ओळखीचं हात करायचं. "येतस काय?" असं ओरडायचं. मीही हात करायचो. ती गाडी गेली की पुढची दोन-चार वाहनं मला धड दिसायची नाहीत.

संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. ते गावी थोरल्या भावाकडे राहायचे. आधीची काही वर्षं "एकदा आरतेक ये रे" म्हणायचे. मी कामाचं सांगायचो. हे काम एक वर्ष चुकलं की आधीची सगळी वर्षं लंगडी होतात, असं समजवायचो, आणि ते खरंच होतं. पुढे त्यांनी ये म्हणणं सोडलं. मग एकच विचारायचे, "हकडे येणारे किती गाडये सुटले रे? शेवटची सुटली काय?"

"नाय, एक उभी आसा अजून," मी सांगायचो.

"बरा," म्हणून फोन ठेवायचे.

मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. बाबांना माझ्या कामात रस आहे! ऑफिसात कौतुकाने सांगायचो की आमच्या वडिलांना आमच्या साहेबांपेक्षा जास्त उत्सुकता आहे.

एका वर्षी गणपती झाल्यावर ते स्वतःच आले. पिशवीत नारळ, खोबऱ्याची वडी, आणि "तुझो रस्तो दाखव" हा हट्ट. खोपटला नेलं. काहीतरी भव्य असेल अशी त्यांची समजूत होती. तिथे बाकीच्यासारखाच काळा रस्ता आणि कडेला सेन्सरच्या वायरी येतात ती कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. तरी त्यांनी चपला काढल्या. कशासाठी, देव जाणे. मग दोन्ही बाजूला बघून रस्त्यात गेले आणि मी सांगितलेल्या जागेवर ताठ उभे राहिले.

"माझो भार दिसता काय?"

"नाही हो बाबा. माणसाचा भार त्याला कळत नाही. गाडीच लागते."

"मगे कित्याक ठेवलंस?" म्हणाले आणि छत्री रोवून एक उडी मारून बघितली. ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली. "ओ काका, काय चाललंय? मरायचंय का?" बाबा हसत बाजूला आले. मी त्या हवालदाराची माफी मागत राहिलो आणि बाबा पेटीवर हात ठेवून उभे. परत गेले त्या दिवशी त्यांची गाडी बाहेर पडताना मी पेटीला लॅपटॉप जोडून बसलेलो. पडद्यावरच्या रेघेत पुढच्या चाकांची एक उचकी, मागच्यांची मोठी, आणि रेघ सपाट. इतकी वर्षं असल्या रेघा बघितल्या, त्या एकीलाच हात लावावासा वाटला.

नंतरच्या एका थंडीत बाबा गेले. झोपेतच. माझी गाठ पडली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात खोपटचा तुकडाही उखडला. आता जिथेतिथे सिमेंट. आमचं काम वाया गेलं असं नाही. थरांची जाडी किती असावी यावर आम्ही लिहून दिलेलं काही ठिकाणी मानलं गेलं, आणि डोंबिवलीतला एक रस्ता त्या हिशेबाने बांधलाय, तो अजून शाबूत आहे. मी मुद्दाम त्यावरून चालत घरी जातो. पण गणपती आले आणि मला कुठेच उभं राहायचं नव्हतं. बायको म्हणाली, "जा आता तरी गावाला." मी जादा गाडीचं तिकीट काढलं.

डेपोतून बाहेर पडताना गाडी त्या जागेवरून गेली. मी खिडकीचा गज धरला. फुटपाथवर माझ्या जागी एक फुलवाला बसलेला. त्याला कशाला हात करायचा, पण केला.

सकाळी गावच्या थांब्यावर उतरलो. समोर चहाची टपरी, माझ्या लहानपणापासूनचा तोच चहावाला, आता म्हातारा. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"इलंस रे बाबा," म्हणाला. ग्लास पुढे केला आणि टपरीच्या खांबाकडे बोट दाखवलं. "तुझो बापूस दरवर्सा हयसरच उभो रवायचो. शेवटची गाडी रिकामी होयसर घराक जाय नाय. किती गाडये येतले ता तेका आधीच ठावक असायचा. एक येवची आसा अजून, म्हणायचो."

"मला कधी कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"झिलाक सांगा नको म्हणायचो. काम अडात म्हणून."

म्हणजे ते गाड्या विचारायचे त्या ह्यासाठी. कितीदा मी त्यांना म्हटलं होतं, एक उभी आहे अजून. तेवढ्यावर ते सकाळी इथे येऊन थांबायचे. मला त्या खांबाशी उभे असलेले बाबा हवे होते. एकदाच, पिशव्या घेऊन उतरताना त्यांना दिसायचं होतं मला, आणि "इलंस" हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

घरून भावाचा फोन आला, भटजी आलेत, कुठे आहेस. येतो म्हटलं. खोपटहून मी निघालो तेव्हा मागे अजून एक गाडी उभी होती. ती यायची होती.

मी बॅग बाकावर ठेवली आणि खांबाला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने गाडी आली. मखर उतरलं, पोती उतरली, झोपाळलेली पोरं उतरली, शेवटी एक आजी हळूहळू उतरल्या. कंडक्टरने दार ओढून डबल बेल दिली, तरी मी आत बघत होतो.