मेहुणीच्या वॉर्डात अप्पा

माझ्या मोठ्या मेहुणीला कळणार नसेल, तर आमच्या सासुरवाडीतला कोणीही माणूस खुशाल आजारी पडायला तयार असतो. कळणार असेल तर मात्र तो ताप अंगावर काढतो, आणि पाय मुरगळलेला असला तरी ती दारात दिसली की ताठ चालायला लागतो. ती शहाडला राहते आणि ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. तिच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात: ऑपरेशन झालेली आणि अजून न झालेली.

माणसाचा चेहरा ती शेवटी बघते, आधी हाताच्या शिरा. बायकोच्या मामेबहिणीसाठी आम्ही सगळे कल्याणला स्थळ बघायला गेलेलो. परतताना कोणी मुलाच्या नोकरीबद्दल बोललं, कोणी फ्लॅटबद्दल, कोणी उंचीबद्दल. ही म्हणाली, "मुलगा चांगला आहे. शिरा काय सुरेख आहेत त्याच्या! कुठेही सुई लावा." लग्न झालं, संसार सुखाचा झाला, आणि त्याचं श्रेय ती आजही त्या शिरांना देते. आमच्याकडे डोंबिवलीला आली की चहाच्या आधी दिवाणावरची चादर ताणून घट्ट खोचते, वर पाहुणे बसलेले असतील तर त्यांना उठवून. चादरीला सुरकुती दिसली की तिला तिथे पाठीला जखम झालेला पेशंट दिसतो. एकदा सोनाराच्या दुकानात एका गृहस्थांनी तिला ओळखून चारचौघांत वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद राहिला बाजूला, ही मोठ्याने म्हणाली, "काय काका, पोट साफ होतंय ना रोज?" ते बिचारे हातात मंगळसूत्र धरून "हो सिस्टर" म्हणाले.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. मग अप्पा तिच्या वॉर्डात गेले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. कोर्टातून रिटायर झालेले, टेंभी नाक्याजवळ राहणारे, करड्या आवाजाचे. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून अप्पांचं जेवणात नि बोलण्यात, कशातच लक्ष नव्हतं. हर्निया त्यांनी थोरलीच्या धाकाने लपवून ठेवला होता. एका सकाळी त्यात आतडं अडकलं आणि तातडीने ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन उत्तम झालं. पण नंतर अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बसायला सांगितलं तर टाके दुखतात, खोकायला सांगितलं तर टाके दुखतात. छातीत कफ साठायला लागला. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, असेच पडून राहिले तर न्यूमोनिया होईल, आणि तो या वयात झेपायचा नाही.

वॉर्डात मेहुणी त्यांना 'काका' म्हणायची. सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणते तशी.

"काका, उशी पोटाशी घट्ट धरा. खोल श्वास घ्या. आता खोका."

"काका?" अप्पा उखडले. "तू माझी मुलगी आहेस की जमादार?"

"इथे मी सिस्टर आहे. खोका."

बायकोला ते बघवेना. "ताई, आजचा दिवस राहू दे ना गं. दुखतंय त्यांना."

"दुखतंय ते मला ठाऊक आहे. म्हणून तर मघाशी इंजेक्शन दिलं आणि ते लागू पडेपर्यंत थांबले. आता दुखणं कमी आहे तोवर उठायचं. तुला बघवत नसेल तर बाहेर बस. जावईबापू, तुम्ही थांबा. सलाईनचा स्टँड धरा."

मी स्टँड धरला. दुसरं काही करायची माझी हिंमत नव्हती.

पलंगाचं डोकं वर करून तिने अप्पांना हळूहळू काठाशी बसवलं. त्यांना घाम फुटला. चक्कर येते का विचारत ती थांबली. मग एक हात त्यांच्या काखेत आणि दुसरा पाठीवर ठेवून म्हणाली, "उभं राहायचंय." अप्पा हलले नाहीत. खाली बघत एकदम बारीक आवाजात म्हणाले, "तुझी आई गेली. आता मला कशाला उठवतेस?"

मेहुणीचा हात काखेतून निघाला नाही, पण आवाज बदलला.

"आईला उठवणं मला जमलं नाही, अप्पा. तुम्हाला उठवणार. पाय जमिनीला टेकवा."

अप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पाय टेकवले. उभे राहिले, थरथरले, शेजारच्या पलंगापर्यंत गेले. तिथला पेशंट, एक भाजीवाला, "या आजोबा, बसा" म्हणाला, तर त्याच्यावर खेकसले, "मी काय पाहुणा आलोय?" त्या खेकसण्यात त्यांना जोराचा खोकला आला, आणि मेहुणीने लगबगीने त्यांच्या पोटाशी उशी दाबली. इतका खूश झालेला तिचा चेहरा मी मामेबहिणीच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

त्यानंतर अप्पा रोज चालले. कुरकुरत, तिला नावं ठेवत, पण चालले. छाती मोकळी झाली, टाके निघाले, आणि थोडे दिवस आराम म्हणून आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं.

पहिल्या सुट्टीला मेहुणी दुपारची आली. जखम पाहिली, पायांवर सूज आहे का बघितलं, जेवण किती जातं ते विचारलं. अप्पा उत्तर देत होते, आणि त्यांचं वाक्य संपेपर्यंत ही खुर्चीतल्या खुर्चीत झोपून गेली. मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला, वॉर्डातूनच होता. मी घ्यायच्या आत अप्पांनी उचलला.

"सिस्टर झोपल्यात," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सुट्टी आहे ना त्यांची? फारच अडलं तर उठवतो. नाहीतर आज तुम्ही बघून घ्या हं." पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "बरं, बरं," म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला.

मग भिंतीला धरून ते उठले, तिच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले. तिच्या कपाळावरचे केस त्यांनी बोटाने मागे सारले, आणि बायकोला विचारलं, "हिचे केस कधी पिकले गं एवढे?"

बायकोने पंखा थोडा कमी केला.