यतीन खटावकरची उड्या मारणारी सायकल

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या मराठी मंडळात यतीन खटावकर अबोल म्हणून ओळखला जायचा. चिप बनवणाऱ्या मशीनचा एक भाग केसभरही थरथरू नये, हे बघणं त्याचं काम. मूळचा इचलकरंजीचा. मामांचा केबलचा धंदा होता, त्यामुळे १९९४ च्या सुमारास, डिप्लोमाला असताना, त्याच्या घरी सगळी म्युझिक चॅनेल दिसायची. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन पोरांचं रॅप लागलं की तो धावत जाऊन व्हीसीआरचं बटण दाबायचा. त्या पोरांचा रंग आपल्यासारखा, मिशा आपल्यासारख्या. चौकड्याच्या शर्टाचं फक्त गळ्याचं बटण लावलेलं. आणि जमिनीला टेकलेल्या त्यांच्या लांबलचक गाड्या मध्येच बेडकासारख्या उड्या मारायच्या. स्पॅनिश शब्द कळत नसत, तरी कानाला लागतील तसे ते वहीत देवनागरीत उतरवून त्याने पाठ केले होते.

पुढे नोकरी, लग्न, परदेश. कॅसेटी गावीच राहिल्या.

२०१४ साली त्याच्या टीममध्ये रूबेन आला, लॉस एंजेलिसचाच. एका दुपारी कँटीनमध्ये सूपच्या रांगेत यतीन स्वतःच्याही नकळत त्या जुन्या रॅपमधलं एक कडवं पुटपुटत होता. मागे उभ्या रूबेनने विचारलं, स्पॅनिश येतं का? यतीन नाही म्हणाला आणि त्याने उरलेलं कडवंही म्हणून दाखवलं. अर्थ ऐकल्यावर मात्र दोघं टेबलावर डोकं ठेवून हसले. यतीन ज्याला इतकी वर्षं बंडखोरीचं गाणं समजत होता, त्यात एक माणूस आईच्या हातच्या मटणाच्या रश्श्याचं कौतुक करत होता.

मग ते दोघे लॅपटॉपवर जुने व्हिडिओ शोधायला बसले. एक सुरू होताच यतीन म्हणाला, "आता हिरवी गाडी येईल. तिचं पुढचं डावं चाक उचललं जाईल आणि बनियनवाला माणूस टोपी धरून हसेल."

तसंच झालं. रूबेनने व्हिडिओ थांबवला.

"तो माझा मोठा भाऊ आहे," तो म्हणाला. "चार सेकंद दिसतो. आमच्या घराबाहेर हे कुणाच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं."

यतीनने त्याला सांगितलं की त्याच चार सेकंदांसाठी तो टेप पुन्हा पुन्हा मागे न्यायचा, एकदा तर ती अडकून तुटली होती. रूबेनने ते चार सेकंद पुन्हा लावले. मग म्हणाला, आपण अशी एक गाडी करू या.

गाडी शक्य नव्हती. पण यतीनच्या शेडमध्ये एक बाकफीट्स पडून होती, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल. शिवांगी लहान असताना तिला तीत बसवून पाळणाघरात सोडायचे. तीन महिने शनिवारी दोघं शेडमध्ये. पेटीखाली हवेचे सिलिंडर बसले, पेटीला हिरवा रंग लागला, हँडल शिंगांसारखं उंच झालं. मेधाने, म्हणजे यतीनच्या बायकोने, एकदाच विचारलं, "चाळीशीच्या माणसाने हे करायचं असतं का?" शिवांगी तेव्हा बारा वर्षांची. गल्लीच्या मेजवानीला हे बाहेर काढणार असाल तर मी मैत्रिणीकडे जाईन, असं तिने बापाला डचमध्ये बजावलं.

जूनमध्ये गल्ली रहदारीला बंद झाली, टेबलं लागली. रूबेनने स्पीकर लावला. यतीनने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. शेजारी सभ्यपणे थांबले. नळी घट्ट करून त्याने पुन्हा दाबलं, आणि पेटी वीतभर उडून दाणकन खाली आली. एका आजोबांच्या हातातली बिअर सांडली. त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या. लहान पोरांची रांग लागली. सगळ्यात शेवटी यतीनला शिवांगी उभी दिसली. ती मुकाट्याने आत बसली, कडा घट्ट धरून. दोन उड्यांनंतर मान वळवून म्हणाली, "होगर, बाबा." आणखी उंच.

रूबेनने शूटिंग भावाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: काम झकास, फक्त मागची बाजू फार उंच आहे. पुढच्याच शनिवारी त्यांनी ती खाली घेतली.

२०१६ मध्ये रूबेन परत गेला. सायकल यतीनकडेच राहिली, पण ती जास्त वापरते मेधा, आठवड्याच्या बाजाराला. सिग्नलला थांबली की बटण दाबायचा मोह तिला आवरत नाही, म्हणून अंडी तेवढी ती पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवते.